दुसऱ्यांदा आत गेलेली मुलगी

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातला बाक एका अंगाने खचला होता. त्यावर बसलेली माणसे नकळत एकमेकांकडे सरकत होती, आणि उताराच्या टोकाशी चष्म्याचे दुकान चालवणारा चष्मेवाला आपल्या जुळ्या मुलींना घेऊन बसला होता. फरशीवर उन्हाचे लांबट चौकोन पडले होते. त्यांतून अनोळखी बूट, चपला, मध्येच कडेवरच्या पोराचे एखादे लोंबकळते पाऊल असे काही ना काही ये-जा करत होते. आतून स्पिरिटचा वास येत होता. वासालाही थंडी असते, असे त्याला वाटून गेले.

चष्मा कपाळावर चढवलेली परिचारिका दारात येऊन उभी राहिली.

"ऐका सगळ्यांनी, नंतर मला गाठून पुन्हा पुन्हा विचारू नका. ही डेंग्यूची लस आहे, पण ती सरसकट टोचायची नाही. ज्या मुलाला एकदा डेंग्यू होऊन गेलाय, त्याला ही पुढच्या खेपेला सांभाळते. ज्याला कधी झालाच नाही, त्याला ही दिली आणि मग पहिल्यांदा डेंग्यू झाला, तर तो उलट जड जाऊ शकतो. होऊन गेलेला कित्येकदा कळतही नाही, साधा ताप म्हणून आपण अंगावर काढतो. म्हणून आधी रक्त. रक्तात जुनी खूण सापडली, तरच लस."

"आणि नाही सापडली तर?" कुणीतरी विचारले.

"तर मच्छरदाणी आहे. घरी जाऊन कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करा, तेही औषधच आहे."

चष्मेवाल्याने हे नीट ऐकले. पुढे त्याने स्वतःला अनेक सवलती दिल्या, पण आपण ऐकले नव्हते, ही सवलत त्याला कधीच घेता आली नाही.

थोरलीला त्याआधीच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. ती इस्पितळात होती तेवढे दिवस धाकटीला मावशीकडे धाडले होते. एकदाच तिला बहिणीला भेटायला आणले, आणि नेमके त्याच वेळी थोरलीच्या दंडाला पट्टा बांधून कुणी रक्त काढत होते. काचेच्या नळीत ते गडद, जवळजवळ काळे रक्त चढताना पाहून धाकटी उभ्याउभ्या कोसळली. सुईचे तिला काही नव्हते. डोळे मिटून ती खुशाल टोचून घेई. भय होते ते आपल्या आतले काहीतरी बाहेर येऊन बाटलीत बसते, याचे.

आताही तिचा हात त्याच्या हातात गार पडला होता.

"ए, घाबरतेस कशाला?" थोरली तिच्या कानाशी म्हणाली. "मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"तू गप्प बस. तुला मुंगी नाही, डास चावला होता."

"ताई म्हण, मग युक्ती सांगते."

"ताई कसली! मला ढकलून पुढे आलीस म्हणून ताई?"

नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाने मान वर केली, दोघींना पाहिले आणि चष्मेवाल्याला म्हणाला, "मूळ प्रत कुठली आणि झेरॉक्स कुठली, तेवढं सांगून ठेवा, साहेब. आमच्याकडे दोन्ही जोडाव्या लागतात."

बाकावर हशा पिकला. चष्मेवालाही हसला. मुलींना कुणी ओळखू शकत नाही, याचा त्याला छुपा अभिमान होता. शाळेतल्या बाई चुकत, मावशी चुके, दमलेली असली की त्यांची आईसुद्धा चुके. तो कधीच चुकला नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला दोन चेहरे एक दिसणे शक्य नव्हते.

थोरली आत गेली आणि दंडाला कापूस लावून बाहेर आली. मग दोघी हातात हात घालून पाणी प्यायला म्हणून व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. परत आल्या तेव्हा धाकटीचा निळा स्वेटर दुसरीच्या अंगात होता.

"आता झेरॉक्स पाठवा," कारकून म्हणाला.

निळ्या स्वेटरमधली मुलगी उठली. दारापाशी पोचल्यावर तिने पाऊल अलगद पुढे करून उंबरा चाचपला. हे इतर कुणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते. पण तिच्या नाकावर आता धाकटीचा चष्मा होता, आणि त्याच्या काचा त्याने स्वतः घासल्या होत्या. त्यांचा नंबर थोरलीच्या काचांपेक्षा पुष्कळ जास्त होता, आणि ज्याच्या डोळ्यांना तो नंबर सोसत नाही त्याला जमीन जिथे असते तिथे दिसत नाही.

त्याच्या ध्यानात आले. हाक मारायला पुरेल एवढा वेळही होता. पण शेजारी, थोरलीच्या स्वेटरमध्ये, धाकटी डोळे मिटून बसली होती आणि तिच्या हातात हळूहळू ऊब परत येत होती. त्याच्या ओठांवर हसू आले. आपण एकट्याने ओळखले, या आनंदाचे ते हसू होते. त्याच्यामागून, हसण्याला आधार म्हणून, विचार आला: एकाच साच्यातल्या, एकाच कुशीतल्या, रक्त काय वेगळे असणार? पुढे त्याने हा क्रम उलटा लावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. आधी विचार आला आणि मग हसू आले, असे ठरवता आले असते तर ती निदान नुसती चूक ठरली असती.

त्यांची आई बस आगारात उद्घोषक होती. दिवसभर तिचा आवाज फलाटांवरून फिरे आणि संध्याकाळी उरलेला घरी येई.

"आंघोळ न करता टीव्हीकडे निघालेल्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ती दारातूनच म्हणाली. मग पर्स ठेवता ठेवता विचारले, "दिलं का गं दोघींनी रक्त?"

"दिलं," दोघी एकदम म्हणाल्या.

"ही रडली असेल!"

"नाही रडली," तो म्हणाला. शब्दांपुरते ते खरे होते. थोरलीने आपल्या डाव्या हाताची बाही खाली ओढून घेतली. तिच्या दोन्ही दंडांना कापूस होता, हे त्या खोलीत तिघांना माहीत होते. पण बाबांना माहीत आहे, हे त्या दोघींना माहीत नव्हते.

निकाल आला. दोघींच्याही रक्तात जुनी खूण सापडली होती. "बघा, मी म्हणत नव्हते?" आई म्हणाली. "हिलाही केव्हातरी होऊन गेलाच असणार, कळला नाही." तिला इतके हलके वाटले की ती जेवताना गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याला धक्का लावणे त्याच्या जिवावर आले. तीन डोसांपैकी पहिला झाला. धाकटीने डोळे मिटले आणि ती निमूट टोचून घेऊन बाहेर आली.

नंतर केव्हातरी तीच परिचारिका त्याच्या दुकानात आली. जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसेल असा चष्मा तिला हवा होता. त्याने तिच्या नाकावर चाचणीची चौकट बसवली, एकामागून एक काचा सरकवल्या.

"हे बरं की हे बरं?"

"आधीचं. नाही, थांबा... हो, आधीचंच. तुमच्या जुळ्या कशा आहेत?"

"मजेत आहेत." त्याने एक काच काढून फडक्याने पुसली, ती स्वच्छच होती. "मला एक सांगा, जुळ्यांचं रक्त एकच असतं ना?"

"गट एक असतो, अशा सारख्या दिसणाऱ्यांचा. आजार ज्याचा त्याचा. डास काही विचारून चावत नाही, की तुझी बहीण कुठेय म्हणून." ती हसली. "का हो?"

"असंच. गिऱ्हाइकाने विचारलं होतं." मग, आवाज शक्य तितका सपाट ठेवून: "समजा एखादीची चाचणी राहून गेली आणि लस दिली, तर मागाहून करता येते?"

"मग तिचा काय उपयोग? रक्तात लसीच्याच खुणा दिसणार. जुनी कुठली, नवी कुठली, कसं कळायचं?" तिने त्याच्याकडे पाहिले. पण तिच्या डोळ्यांसमोर त्या वेळी चुकीची काच होती, आणि त्याचा चेहरा तिला धूसरच दिसत असणार. "कुणाचं झालंय का असं? सांगा हो, तसं असेल तर पुढचे डोस थांबवून विचारावं लागेल वरती."

"नाही, नाही."

त्याने योग्य काच सरकवली. अक्षरे स्वच्छ झाल्याबरोबर ती "अहाहा" म्हणाली, आणि तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याचे मौन बदलले. आधी ते एक न बोललेले वाक्य होते. आता ते घरात राहायला आले. रोज त्याला जागा करून द्यावी लागे. दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी त्याने बायकोला सांगायचे ठरवले, आणि ती दमून आली होती म्हणून सांगितले नाही. तिसऱ्या डोसला तोच मुलींना घेऊन गेला. वाटेत थोरली एकाएकी म्हणाली, "बाबा, हिला राहू दे ना. हिला सर्दी झालीय."

"कुठे झालीय?" धाकटी म्हणाली. "आणि मला नको तर तुलाही नको!"

तो थांबला. थोरली त्याच्याकडे पाहत होती. त्या नजरेत अख्खी विनवणी होती, आणि ती वाचायला कुठल्याही काचेची गरज नव्हती. "चला, उशीर होतोय," तो म्हणाला. घराभोवती मात्र त्याने झपाटल्यासारखे पाणी शोधायला सुरुवात केली. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरच्या टाकीचे झाकण, शेजाऱ्याने टाकून दिलेला टायर. धाकटीच्या अंथरुणावरची मच्छरदाणी तो स्वतः खोचे. "बाबांना डासांचं वेड लागलंय," आई म्हणे. "माणसांशी बोलत नाहीत, पण डासांचा पत्ता विचारा, घर नंबरासकट सांगतील."

तरीही ताप आला. धाकटीलाच आला.

आधी अंग दुखते म्हणाली, मग डोळ्यांच्या मागे दुखते म्हणाली, आणि दवाखान्यात तपासलेल्या रक्तात डेंग्यू निघाला. या खेपेला तिने सुईकडे पाहिलेच नाही. भिण्याइतकीही शक्ती तिच्यात नव्हती. डॉक्टरीणबाई स्वतःच सर्दीने बेजार होत्या. हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता. त्यांनी धाकटीचे पोट दाबून पाहिले, नाडी धरली.

"लस झालीय हिची?"

"तिन्ही डोस पूर्ण," आई आगारातल्या आवाजात म्हणाली. ठाम, शंकेला जागा न ठेवणाऱ्या. "आधी रक्त तपासूनच दिली. दोघींच्याही रक्तात जुनी खूण सापडली होती."

"मग बरंय." डॉक्टरीणबाईंचे खांदे थोडे सैल झाले. "आधी होऊन गेलाय, वर लस पूर्ण. म्हणजे बऱ्यापैकी आडोसा आहे. खरं सांगते, वॉर्डात खाट नाही. उलट्या नाहीत, पोट दुखत नाही. घरी न्या, भरपूर पाणी पाजा, रोज रक्त तपासून घ्या. काही वेगळं वाटलं तर लगेच इकडे."

आईने पर्स उचलली. चष्मेवाल्याने खुर्चीची पाठ धरली. घशाशी आलेले वाक्य त्याला जवळजवळ दिसत होते. त्याची लांबी, त्याचा शेवट, त्यानंतरचा बायकोचा चेहरा. तो तोंड उघडणारच होता. आयुष्यभर तो स्वतःला हे सांगू शकला असता, की मी उघडणारच होतो.

"ते रक्त हिचं नव्हतं," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. भिंतीला टेकून उभी असलेली ती एवढीशी दिसत होती.

"माझं होतं. दोन्ही वेळा मीच आत गेले. ही घाबरली होती म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल खिशात घातला. "हिला कधी डेंग्यू झाल्याचं ठाऊक आहे? नाही? बरं." त्यांनी घंटी वाजवली. "खाट नाही म्हटलं ते विसरा. करू कुठेतरी. बाळ, तू आत्ता बोललीस ना, फार बरं केलंस."

धाकटीला चाकांच्या खुर्चीतून नेले. बाहेरच्या बोळात, औषधांच्या खोक्यांच्या चळतीपाशी, आईला वाचा फुटली.

"खेळ वाटला तुला? अगं, बहिणीच्या जिवाशी... बोल ना! एवढी नर्सबाई घसा फोडून सांगते आणि तू तिच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? मला फसवलंस, बाबांना फसवलंस. दोन्ही हात पुढे केलेस तेव्हा काही वाटलं नाही?"

थोरली रडत नव्हती. ती मान खाली घालून ते सगळे घेत होती, पुष्कळ दिवस वाट पाहिलेली वस्तू अखेर कुणी हातात द्यावी तशी. चष्मेवाला बाजूला उभा होता. त्याला काहीच करायचे नव्हते. फसवल्या गेलेल्यांत त्याची जागा तयार होती. फक्त तिथे उभे राहायचे होते. धाकटीवरचे उपचार आता योग्य वाटेला लागले होते, त्याच्या बोलण्याने तिला काडीचा फायदा नव्हता. गप्प राहण्याची एवढी स्वच्छ संधी त्याला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

"मला नाही फसवलं तिने," तो म्हणाला.

"काय?"

"मी पाहिलं होतं. ती दुसऱ्यांदा आत जाताना. ओळखलं होतं मी."

आईने आधी त्याच्याकडे असे पाहिले, जणू तो परक्या भाषेत बोलतो आहे. मग एकेक शब्द वेचत म्हणाली, "म्हणजे... तिन्ही डोस... तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि डास शोधत फिरत होतात."

एवढेच ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. तिने भिंतीवर हात टेकला आणि वॉर्डाच्या दिशेने चालू लागली.

चष्मेवाल्याने थोरलीकडे पाहिले. ओझे अर्धे झाल्याचा काही भाव तिच्या चेहऱ्यावर दिसेल, अशी त्याची, खरे तर, अपेक्षा होती. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. त्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. एखाद्या अंधाऱ्या खोलीत इतका काळ आपण एकटेच आहोत असे समजून बसावे, आणि दिवा लागल्यावर कोपऱ्यात कुणीतरी पहिल्यापासून बसलेले दिसावे, तसे काहीतरी होते.

पुढचे दिवस वाईट गेले. ताप उतरला तेव्हा तो नवस पावल्यासारखा हसला, तर वॉर्डातल्या सिस्टरने त्याला हटकले: "हसू नका इतक्यात. या आजाराची खरी परीक्षा ताप उतरल्यावर असते." आणि तसेच झाले. धाकटीचे पोट फुगले, हातपाय गार पडले, नाडी हाताला लागेनाशी झाली. सलाइनच्या बाटल्या बदलत राहिल्या. आई खाटेच्या उशाशी बसून असे. त्याच्याशी ती बोले, पण आगारातल्यासारखे. पाणी आणा. चादर द्या. डॉक्टर बोलावताहेत. त्यात राग असता तर त्याला धरायला काही मिळाले असते.

मग एका दुपारी धाकटीने डोळे उघडून भूक लागल्याचे सांगितले. डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या. "निभावलं," त्या म्हणाल्या.

"लसीमुळेच इतकं जड गेलं का?" त्याने विचारले. हा प्रश्न त्याने कितीतरी वेळा मनात घासून ठेवला होता.

"ते छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. लस नसती तरी झाला असता, कदाचित असाच. कदाचित हलका." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे केले आणि ठेवला नाही. "एक मात्र खरं, त्या दिवशी घरी नेली असतीत, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

त्या गेल्या. त्याला वाटले होते की उत्तर कसेही असो, निदान उत्तर असेल. दोषी की निर्दोष, यातले काहीतरी त्याच्या हाती पडेल आणि तो ते घेऊन घरी जाईल. आता हातात फक्त 'कदाचित' होते, आणि त्याला ना वजन होते, ना ते खाली ठेवता येत होते.

थोरली बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. इतके दिवस ती त्याच्याशी कामापुरतेही बोलली नव्हती.

"बाबा."

"काय गं?"

"तुम्ही मला थांबवलं का नाही?"

त्याच्याजवळ उत्तरे होती. धाकटी घाबरली होती. एकच रक्त असते असे वाटले. तुझ्या आईला किती आनंद झाला होता. सगळी खरी होती, आणि सगळी मागाहून घासूनपुसून बसवलेली होती. तिच्याकडे पाहिल्यावर त्यातले एकही उचलवेना.

"मला गंमत वाटली," तो म्हणाला. "कुणालाच कळलं नाही, फक्त मला कळलं, याची गंमत वाटली. बस्स."

थोरलीने आपल्या बोटांकडे पाहिले.

"मी रोज विचार करायचे, तुम्हाला सांगू का," ती म्हणाली. "वाटायचं, बाबांना कळलं तर ते लगेच सगळं नीट करतील."



वॉर्डाचे दार किलकिले झाले आणि आयाबाईंनी डोके बाहेर काढले. "पोरगी उठून बसलीय. एकानेच या आत, गर्दी नको."

दोघेही उभे राहिले. थोरलीने त्याच्याकडे पाहिले नाही. पण ती थांबलीही होती, तो काय करतो ते बघत. तो पुन्हा बाकावर बसला. ती दार ढकलून आत गेली. आतून आधी काहीच ऐकू आले नाही, मग धाकटीचा बारीक, चिरका आवाज आला, मग दोघींचे एकदम बोलणे, आणि त्यांत कोणते कुणाचे, हे या खेपेला त्यालाही ओळखता येईना.